मागची दोन चाकं

नाही, नाही, फोन ठेवा खिशात. घरी बाईंना काय सांगणार लगेच — मेकॅनिक म्हणतो गाडी ठणठणीत आहे, तुलाच चालवता येत नाही? तेच ऐकायला आलात ना? आल्यापासून तीनदा म्हणालात, दोष गाडीत नाही, हातात आहे. मग गाडी आणलीत कशाला — साक्षीदार हवा होता, बरोबर? बसा. त्या स्टुलावर नको, ग्रीस आहे त्याला — बसलात? असू दे आता.

तर ओल्या रस्त्यावर, वळणावर, पुढचं तोंड नीट वळतं आणि मागचा भाग आपला भलतीकडेच निघतो. बाईंनी सांगितलं असणार तुम्हाला. आणि तुम्ही म्हणालात, हळू चालव. मग परवा पावसात त्या फाटकाच्या खांबावर गेल्या आणि तुम्ही किल्ली काढून घेतलीत. वा. मी आत्ता मागच्या आवारात पाणी मारून चालवून बघितली — तीस वर्षं स्टिअरिंग धरतोय, माझ्या हातातसुद्धा गिरकी घेतली तिनं. म्हणजे मलाही येत नाही, असंच ना?

या मागच्या टायरवरून हात फिरवा. लागते नक्षी? कुठून लागणार, पार गोटा झालाय. पाणी बाहेर जायला खाचाच उरल्या नाहीत — मग चाक पाण्यावर घसरणार नाही तर काय करणार? आणि गंमत दाखवू? खोललंय म्हणून दिसतोय, हा आतला पॅच. माझ्या हातचा आहे. पण मी तो बाईंच्या या गाडीला नव्हता मारला — तुमच्या गाडीला मारला होता, गेल्या वर्षी. म्हणजे तुमच्याकडे चार नवे आले आणि झिजलेले दोन इकडे — नाही, बोलू नका, माप एकच आहे, घरातल्या घरात भागलं. बाई कुठे लांब जातात, हेच ना? मीही हेच म्हणायचो.

कोणाला म्हणजे — आमच्या हिला. चालवायची ती, माझ्यापेक्षा बरी चालवायची. तिच्या गाडीला मी गिऱ्हाइकांचे काढलेले टायर लावायचो — गॅरेज घरचं, नवे कशाला? एकदा पुलावर गाडी फिरली, धाकटी मागे बसलेली, कपाळाला चार टाके पडले तिच्या. आणि मी दवाखान्यात, सगळ्यांदेखत — तुला साधं वळण घेता येत नाही, म्हणालो. दुसऱ्या दिवशी चाकं खोलली तर हे असेच, गोटा. भंगारात टाकले लगेच, ती बघायच्या आत. तेव्हापासून तिनं किल्लीला हात लावलेला नाही. अकरा वर्षं झाली. भर पावसात बसनं जाते कामाला. सोडतो म्हटलं तर म्हणते, नको, तुमचा खोळंबा होईल.

सांगितलं का तिला? — तो पाना द्या इकडे. तो नाही हो, मोठा.

पाचला गाडी तयार असेल, मागे दोन नवे टाकतो. न्यायला तुम्ही येऊ नका, बाईंना पाठवा. हे जुने टायर मी टाकणार नाहीये, त्यांना दाखवणार आहे — हो, कुठून आले तेही सांगणार. बघता काय माझ्याकडे? उठा, बाजूला व्हा, उजेड अडतोय.