बाकी सिस्टिम स्टेबल

९ डिसेंबर, मंगळवार. पहाटे धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वारा उत्तरेचा, कोरडा.

...आणि वर लोक मलाच विचारतात, "पंढरीभाऊ, चांगली चालती सिस्टिम होती, बदलवली काऊन?" काऊन म्हणजे... तुम्हाला सांगतो, खंडेनवमी होती म्हणून. हसू नका. पोळ्याला आपण बैलाला नवी झूल घालतो, नवा कासरा देतो, शिंगं रंगवतो, आणि माझा कंप्युटर, तेलंगणातल्या बेल्याच्या बसस्टँडसमोर माझ्या दुकानात वर्षभर पहाणीचे, म्हणजे सातबाऱ्याचे, कागद काढतो, शाळेचे दाखले भरतो, अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका मराठीत आणि तेलुगूत छापतो, त्याला आम्ही काय देतो, तर हळदीचं एक बोट आणि झेंडूचं फूल. मला वाटलं, यंदा त्यालाही काहीतरी नवं द्यावं. एवढंच वाटलं हो. माणसाला काही वाटूच नये का?

आणि असं वाटायला आणि रविकांतचा फोन यायला एकच गाठ पडली. रविकांत माझा साळा, माझ्या बायकोचा, सुवर्णाचा धाकटा भाऊ, हैदराबादला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो हे मला अजून समजलेलं नाही, पण फोनवर बोलतो असा की वाटावं सगळं तोच करतो. "भावजी, बाजारात यायच्या आधीची सिस्टिम हाय. अजून कोणाजवळच नाई. पूर्ण जिल्ह्यात पहिले तुमी." मी म्हटलं, आधीची म्हणजे कच्ची? "कच्ची नाई वो. हलवाई चाखायला देते ना, तशी. बीटा म्हणतात त्याले. तुमी वापराची, काही बिघडलं तर कंपनीले कळवाची, मंग ते सुधरवतात." म्हणजे बिघडते? "नाई बापा, एकदम स्टेबल." स्टेबल म्हणजे? "म्हणजे मधातच पडत नाई."

आता हलवाई चाखायला देतो तेव्हा चिमूटभर देतो, आख्ख्या घराचा स्वयंपाक त्यावर करा म्हणत नाही. हे मला आत्ता सुचतं. तेव्हा नाही सुचलं.

पण मी काही वेडा नाही. मी तारीख-वार, ऊन-वारा लिहून ठेवणारा माणूस. जुन्या सिस्टिममधलं जे जे होतं ते आधी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. प्रिंटरचा ड्रायव्हर, स्कॅनरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर. आता तुम्ही विचाराल, ड्रायव्हर म्हणजे काय? सोजरमावशीनं पण हेच विचारलं होतं. मी सांगितलं, मावशी, कंप्युटर आणि मशीन यांची बोली वेगळी असते, मधे एक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या तहसीलमधल्या शिपायासारखा. तो सुट्टीवर असला का साहेबही मुका अन् आपणही मुके." इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ही सोजरमावशी म्हणजे कोण, तर या सगळ्या भानगडीत जिचं जे काही जायचं ते गेलं, ती. सोजरबाई. नात्यानं माझी कोणी नाही, पण मावशीच. नवरा दादाजी बेज्जूरच्या जंगलात वनखात्याचा चौकीदार होता, तो गेला, त्याची पेन्शन हिला येते. घरमालक चंपतरावच्या वाड्याला लागून एक खोली, एक चूल, एक पितळेचा डबा, तिथं ती स्वतःचं शिजवून खाते. मुलगा सुरेंद्र भैंशाला जिनिंगमध्ये कामाला, तो दर सणाला म्हणतो, आई, चाल भैंशाले. आणि ती दर सणाला म्हणते, "जोपर्यंत पेन्शन येऊन राह्यली तोपर्यंत माई चूल पेटते. ज्या दिवशी बंद पडन त्या दिवशी येतो तुया बायकोच्या चुलीवर." सून चंचल वाईट नाही हो. पण दोघींच्या भाजीत तिखटाचा हिशोब जमत नाही, आणि मावशी म्हणते, "माणसानं आपल्या हाताचं तिखट खावं."

तर ही पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात मावशीनं आपण जिवंत आहोत हे अंगठा लावून सांगायचं. सरकारला. मावशी दारात उभी राहून चंपतरावच्या बकऱ्या हाकलते हे पुरावा म्हणून चालत नाही. अंगठाच पाहिजे. आणि अंगठा तिचा उठत नाही. जन्मभर कापूस वेचला, बोंडाच्या टोकांनी बोटं अशी घासली गेलीत की रेष म्हणून उरली नाही. आदिलाबादला बँकेत नवीन चकचकीत मशीन आहे, त्यावर तिनं अंगठा लावला तर ते म्हणतं, बोट ठेवा. ठेवलंय की. बोट ठेवा. फक्त माझ्या दुकानातलं जुनं मशीन, जाड काचेचं, ते तिचा अंगठा घेतं. त्याचीही एक रीत आहे. बोट कोमट पाण्यात बुडवायचं, पदराला पुसायचं, आणि सरळ नाही, जरासं तिरपं दाबायचं. मग तो हिरवा दिवा लागतो आणि मावशी म्हणते, "झाली का मी जित्ती?" झालीस. "मंग चहा पाज."

असं ते मशीन. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. त्याचा ड्रायव्हर जगात दोनच ठिकाणी, एक माझ्या कंप्युटरमध्ये आणि आता एक पेनड्राइव्हवर.

खंडेनवमीला सकाळी मी जुनी पुसून नवी सिस्टिम टाकली. टाकली म्हणजे काय, पडदा निळा झाला, मग काळा झाला, मग "थोडं थांबा" म्हणाला, मग त्याचा तोच तीन वेळा बंद होऊन चालू झाला. रविकांतला फोन. "भावजी, ते तसंच असते. बाकी स्टेबल हाय ना?" म्हटलं, बाकी स्टेबल आहे. मग आम्ही पूजा मांडली. कंप्युटर, प्रिंटर, लॅमिनेशन, कात्री, स्टेपलर, अंगठ्याचं मशीन. आणि मी म्हटलं, पेनड्राइव्ह काऊन मागं ठेवायचा? त्यात तर सगळ्यांचा जीव आहे. म्हणून तोही पाटावर. सुवर्णानं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पेनड्राइव्हवरचं फूल पेनड्राइव्हपेक्षा मोठं होतं, हे त्याच वेळी माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टिम टाकल्यावर लगेच मशीन जोडून बघायला काय झालं होतं? अहो, पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी कोणी कामाला लावतं का? बैलाला पोळ्याच्या दिवशी जुंपता का तुम्ही? नाही ना? मग.

दुसऱ्या दिवशी दसरा. घट हलले, सगळं निर्माल्य टोपलीत गोळा केलं आणि पैनगंगेत सोडलं. कोणी सोडलं? मी सोडलं. टोपली माझ्याच हातात होती. नदी चांगली भरून वाहत होती, मी हातही जोडले.

त्यानंतर दुकान उघडलं, अंगठ्याचं मशीन जोडलं, आणि पडद्यावर आलं, उपकरण ओळखता आलं नाही. हरकत नाही म्हटलं, पेनड्राइव्ह आहे. पाटाखाली बघितलं. गल्ल्यात बघितलं. सुवर्णाला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "झेंडूखाली होता ना?" ...मी रिकामी टोपली उलटी करून बघितली.

रविकांतला फोन. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भावजी, जुनी सिस्टिम परत टाकता येते, पण ड्रायव्हर कुठून आणाचा? तो तर गेला. आता असं करा, कंपनीले कळवा. बीटा त्याच्यासाठीच असते. ते ड्रायव्हर बनवून देतीन. बाकी स्टेबल हाय ना?" बाकी म्हणजे, रवी, प्रिंटर उलटं छापून राह्यला, स्कॅनर हिरव्या रंगाशिवाय काही घेत नाही. "ते छोटं हाय. सिस्टिम पडली का मधात?" नाही पडली. "मंग."

आणि भाषा? या सिस्टिमला कोणी सांगितलं देव जाणे, पण तिनं आपल्या मनानं ठरवलं की हा माणूस तेलंगणातला, म्हणून यादी तेलुगूत. टाइप मराठीत केलं म्हणून बटणं मराठीत. आणि काही चुकलं की इंग्रजीत. म्हणजे आमच्या तहसीलसारखंच, त्यात नवं काही नाही.

मी कळवलं. मी नीट कळवणारा माणूस आहे. तारीख लिहिली, ऊन-वारा लिहिलं, मशीनचं नाव लिहिलं, मावशीचं वय लिहिलं, कापूस वेचल्यानं बोटांचं काय होतं ते लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." मी परत लिहिलं. परत आभार. माझ्या लग्नात एवढे आभार मानले गेले नव्हते.

नोव्हेंबर लागला तशी मावशी येऊ लागली. बोट घरूनच कोमट पाण्यात बुडवून, पदरात गुंडाळून यायची, जसं काही बोट नाही, पिल्लू आहे. "पंढरी, झाली का मी जित्ती?" नाही मावशी, अजून ओळखून नाही राह्यलं. "कोणाले, मले का मशीनले?" मशीनला. "मशीन तर तुया समोरच ठेवून हाय." समोर असून चालत नाही मावशी, त्याला दिसलं पाहिजे. "मंग चष्मा लाव म्हणा." आणि चहा न पिता जायची. अंगठा लागल्याशिवाय चहा नाही, हा तिचा नेम.

मग कोणीतरी सांगितलं, मोबाइलवर चेहरा दाखवला तरी चालतं. म्हटलं वा. मावशीला खुर्चीवर बसवलं, मोबाइल समोर धरला, तर मोबाइल म्हणाला, डोळे मिचकावा. आता मोबाइलच्या मागं मी, माझ्या मागं चहावाला, आणि दाराशी चंपतराव टेकून उभा. मावशीनं एकदा आमच्याकडं बघितलं, म्हणाली, "या वयात, इतक्या माणसायसमोर?" आणि पदर खाली ओढला, तो हनुवटीपर्यंत. मोबाइल म्हणाला, चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, मावशी, अगं नुसती पापणी हलवायची. "तुया मायनं हलवली असती का?" तीन दिवस समजावलं. सुवर्णानं आडोशाला नेऊन बघितलं, तर मोतीबिंदूच्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं आणि मोबाइलनं तेही मान्य केलं नाही.

एक दिवस कंपनीचं पत्रक आलं, नव्या आवृत्तीतल्या ज्ञात अडचणी. मी खाली खाली वाचत गेलो, आणि तुम्हाला सांगतो, होतं. "काही जुनी बोटांच्या ठशांची उपकरणं ओळखली जात नाहीत. आम्ही यावर काम करत आहोत." मी तसाच उठून मावशीच्या दारात गेलो. मावशी, लिस्टमध्ये आलं. "काय आलं?" आपलं मशीन चालत नाही हे. ती चुलीपुढं बसली होती, फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "हे आपल्याले माहीतच होतं ना बापा." रविकांत मात्र फोनवर खूश. "भावजी, लिस्टमध्ये नाव येणं मोठी गोष्ट हाय. बाकी?" बाकी स्टेबल.

आणि खरंच स्टेबल होती हो, हेच तर दुःख आहे. एकदा पडली असती, धाडकन बंद पडली असती, तर मी हातपाय गाळून बसलो असतो, मावशीला सांगितलं असतं की बाई, संपलं, आदिलाबादला चल, पेन्शनच्या साहेबाच्या पाया पडू. पण ती पडत नव्हती. रोज सकाळी हसऱ्या चेहऱ्यानं उघडायची, सुप्रभात म्हणायची, आणि मशीन ओळखायची नाही. रोज वाटायचं, उद्या. शेवटच्या आठवड्यात साहेबाकडंही नेलं. साहेब म्हणाले, आई समोर दिसून राहिल्या ते ठीक, पण ऑनलाइन दिसल्या पाहिजेत.

नोव्हेंबर संपला. शेवटच्या दिवशी रविवार होता, तरी दुकान उघडून बसलो. मावशी आली, बोट दाबलं, तिरपं दाबलं, पुन्हा कोमट पाणी, पुन्हा पदर. दिवा लागला नाही. तिनं काचेवरचं पाणी पदरानं पुसलं, म्हणाली, "त्याची काय चूक." आणि गेली.

पेन्शन थांबली, आणि गेल्या शुक्रवारी सुरेंद्र आला. त्यानं मोटारसायकलला दोरी लावून डबा बांधला. मावशीनं चूल फोडली. मातीची चूल, दुसऱ्याला देता येत नाही म्हणे. जाताना दुकानापाशी थांबली. "तुयं मशीन बरं झालं का सांगजो." मी म्हटलं, सांगतो. चहा घे मावशी. "अंगठा कुठं लागला अजून?" आणि मागं बसून गेली.

आज सकाळी अपडेट आलं. मी सवयीनं मशीन जोडलं. हिरवा दिवा लागला. उपकरण वापरासाठी तयार. माझा अंगठा ठेवला, पहिल्या खेपेला उठला. मी भैंशाला फोन लावला, चंचलनं उचलला, मावशीला दिला. म्हटलं, मावशी, ये, अंगठा लागतो आता, पेन्शन पुन्हा सुरू होते. तिनं विचारलं, "अन् खोली?" चंपतरावला विचारतो म्हटलं. फोन चालूच ठेवून तिथं गेलो. भाव पडला म्हणून त्यानं कापूस विकला नाही, तो खोलीत भरलाय, दारापासून आढ्यापर्यंत, चुलीच्या जागेवरही. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

मशीन चालू. मावशी भैंशाला. खोलीत कापूस. बाकी सिस्टिम स्टेबल.