तोंडाला तोंड

मागच्या आठवड्यातली गंमत ऐका. दादा देवाघरी जाऊन महिनाच झालाय. बागेत बसून विहिरीवरचा पंप चालू करता यावा, म्हणून त्याने दोन डबे बनवले होते. उंदराने त्यांच्यामधल्या वायरी कुरतडल्या आणि डबे एकमेकांशी बोलेनात. केळी माना टाकायला लागली.

मेकॅनिक म्हणाला, "आतला प्रोग्राम पुसून नवा टाकतो."

"दादाचं पुसशील तर हात तोडीन," मी म्हटलं आणि त्याला हाकलला.

मला इंग्रजी येत नाही, म्हणून दादाने वायरींच्या टोकांवर 'तोंड' आणि 'कान' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी तोंडाला तोंड जोडलं, कानाला कान. दोन्ही डबे मुके.

बाजूला बसलेले आमचे आबा म्हणाले, "तोंडले तोंड लाईसन कोन आयकस रे, गधड्या?"

मग मी तोंड कानाला जोडलं. पंप धडधडला आणि डब्याच्या पडद्यावर दादाने भरून ठेवलेली ओळ उमटली: 'जुडनं एकदाचं! सोन्या, आते हात नको लावजो.'

आता रोज सकाळी मी ती वायर मुद्दाम काढतो आणि परत लावतो. दादाची बोलणी खाल्ल्याशिवाय चहा गोड लागत नाही.