आजीचं यीस्ट

हॅलो? बाबा? आधी एक उत्तर दे. आपण वरच्या शेतातल्या टोर्गाइरकाकांशी का बोलत नाही?

… गाडी चालवतोयस, माहितीये. आईने स्पीकरवर टाकलंय ना? मग बोल! … हो, पैजच लागलीये. त्यांची नात हिल्डर आणि बाकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, तुझी हिंमतच नाही बापाला विचारायची. घे, विचारलं.

… कुंपण? एका कुंपणासाठी? अरे, मेंढ्यासुद्धा विसरल्या असतील!

… नाही, उगाच नाही विचारत. ऐक ना. नाताळची बिअर करतेय मी. … एकटीच! आजी नाही म्हणून यंदा करायचीच नाही का? माल्टचं पाणी झालं, जुनिपरच्या फांद्यांवरून गाळलं, आता पिंपात निवतंय. आणि यीस्ट मेलंय.

… मेलंय म्हणजे मेलंय! आजीचं ते लाकडी कडं कोमट माल्टच्या पाण्यात बुडवलं, बरणी स्वेटरमध्ये गुंडाळली. केव्हाच फेस यायला हवा होता. एक बुडबुडा नाही! आणि वास कसला येतोय सांगू? भांड्यांच्या साबणाचा!

… आई? … तू धुतलंस? … घाण नव्हती ती! त्या तपकिरी खपल्या होत्या ना, तेच यीस्ट! कड्यावर वाळवून ठेवतात ते! … ओस्लोत वाढलीस म्हणून काय झालं? लग्न होऊन किती वर्षं झाली तुला इथे!

… हो, हो, फ्रीजरमधली यीस्टची जादा पुडी. मलाही आठवली होती. कुठेय ती, बाबा? … टाकलीस? एल्कच्या मांसाला जागा हवी म्हणून? अरे, एक तंगडी कमी ठेवायची!

… दुकानातलं पाकीट? खबरदार, पुन्हा बोललास तर! आजी गेली, बाबा. तिच्या हातचं एवढंच जिवंत होतं, आणि तुम्ही दोघांनी मिळून… … नाही, रडत नाहीये. चिडलेय!

… आता मधे बोलू नका. काकांच्या घरचं यीस्ट बिघडलं होतं तेव्हा आजीनेच आपलं नेऊन दिलं होतं. … हो, तुमच्या भांडणाच्या आधी. हिल्डर म्हणते, अजून जिवंत आहे, दर नाताळला उसळतं. म्हणजे आपलंच आहे ते! … नाही देणार? यीस्ट मागितलं तर आपल्या गावात कुणी नाही म्हणत नाही, हे तूच शिकवलंस ना मला?

… लाज तुला वाटते. मला नाही वाटत.

… आई, बाबा, माझं ठरलंय. बरणी घेऊन मी वर चाललेय. यीस्ट पिंपात ओतताना आरोळी ठोकायची असते ना, ती यंदा काका ठोकतील. आणि पिंप उघडू तेव्हा पहिला पेला त्यांचा, आपल्याच स्वयंपाकघरात. … येतील म्हणजे येतील! आई, खुर्च्या वाढव.

… बाबा, तू हवं तर कुंपणाजवळ बस. ठेवते, पाणी निवत चाललंय!