हात लावू नकोस!

...आणि वर मलाच विचारतात, "ब्रिन, तू सारखा हात का लावतेस?" का लावते! अहो, घरात पाच महिन्यांची पोर आणि गॅरेजमध्ये अक्रोडाएवढं इंजिन, दोन्ही कधी बंद पडतील याचा नेम नाही, मग माणूस हात लावणार नाही तर काय लांबून आशीर्वाद देणार?

तुम्हाला सांगते, चूक त्या नर्सबाईंची. पोरीच्या, मेबलच्या तपासणीला गेले होते, तर माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून म्हणाल्या, "फक्त तुझं असं काहीतरी कर. मन शांत होईल असं." शहाण्या बायका विणकाम करतात. मी काय केलं? भावाची जुनी रिमोटची गाडी माळ्यावरून काढली. बॅटरीवाली नव्हे हो, नायट्रोची! मांजराएवढी गाडी, पण खरं इंधन पिते, खरा धूर सोडते आणि खरी कानठळ्या बसवते. शांत मनासाठी!

बरं, गाडी चालत होती. ठीक चालत होती. पण ‘ठीक’वर समाधान मानेल ती मी कसली? मोठा कार्ब्युरेटर मागवला, चकचकीत नवी एक्झॉस्टची नळी मागवली, मेबलच्या चार दुपारच्या झोपांत दोन्ही बसवलं... आणि तिथून माझं सगळं आयुष्य एका स्क्रूवर येऊन बसलं. एक स्क्रू! उजवीकडे पिळला की इंधन कमी, इंजिन किंचाळत पळतं, तापतं आणि मरतं. डावीकडे पिळला की इंधन जास्त, इंजिन गुळण्या करतं, धूर ओकतं, रडतरखडत चालतं आणि... मरतंच. मधे कुठेतरी एक जागा असते म्हणे. असते! पाळण्यात मूल शांत झोपतं म्हणतात, तशीच ऐकीव गोष्ट.

आणि सल्ले! माझ्या सासूबाई, लॉर्ना, सोमवारी म्हणणार, "पोरीला दूध कमी पडतंय." मंगळवारी, "पोरीला दूध जास्त होतंय." व्हिडिओतला तो फ्लोरिडाचा बाबा म्हणणार, "अडीच वळसे सैल करा." अरे, तू समुद्रकाठी बसलायस! आम्ही लेडव्हिलला, दहा हजार फुटांवर, इथे केकसुद्धा धड फुगत नाही, तुझे अडीच वळसे मी कुठे ठेवू? आणि माझा नवरा, थेरन. शांत माणूस. दाराला टेकून, कॉफीचा मग हातात धरून एकच वाक्य: "चालतंय ना? मग आता हात लावू नकोस."

मेबल झोपली, मी श्वास चालू आहे ना बघायला बोट लावलं, उठली! "तरी म्हटलं, हात लावू नकोस." इंजिन सुरेख चालत होतं, मी म्हटलं एवढंस्सं फिरवून बघू, मेलं! "तरी म्हटलं..." हो, म्हटलंस बाबा, म्हटलंस!

एकदा तर कहर झाला. इंजिन किती तापलंय ते मोजायला हवं आणि मोजायचं यंत्र नाही. मी मेबलचा कपाळावर धरायचा थर्मामीटर आणला. धरला इंजिनासमोर. त्याने टींटीं करून लाल दिवा लावला आणि वर रडका चेहरा दाखवला. तुम्हाला सांगते, मी इंजिनाकडे बघत होते तरी हात गेला डॉक्टरांच्या नंबरावर.

शेवटी थेरन म्हणाला, "ब्रिन, रविवारी प्वेब्लोला शर्यत आहे. एक शर्यत, फक्त एक, बंद न पडता पुरी कर. झाली तर गाडी राहील, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही झाली तर आईच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या सेलमध्ये मांडायची." आणि लॉर्नाबाईंनी चिठ्ठी लिहूनसुद्धा ठेवली होती हो! ‘रिमोटची गाडी, चालू स्थितीत’ आणि पुढे प्रश्नचिन्ह! आठवड्यातले दोन तास माझे असतात. दोन! तेही त्या चिठ्ठीसकट टेबलावर, जुन्या वाफल-तव्याशेजारी!

मग मी रविवारी पहाटे उठून, अंगणात, ते इंजिन असं लावलं, असं लावलं... गात होतं! थेरन म्हणाला, "आता..." मी म्हटलं, "नाही लावत!" आणि शपथेवर सांगते, नाही लावला. आयुष्यात पहिल्यांदा. तीन तास मोटारीने आम्ही खाली प्वेब्लोला उतरलो, मी मांडीखाली हात दाबून बसलेली.

सरावाला गाडी सोडली. काय पळाली! धुराचा मागमूस नाही, नुसती किंकाळी. दुसऱ्या फेरीत ठप्प.

शेजारच्या टेबलावर ओडेल म्हणून म्हातारे गृहस्थ होते, चाळीस वर्षं हेच करताहेत. आले, बोट थुंकीने ओलं करून इंजिनावर टेकवलं, चर्रर्र! मी हातातला बाळाचा ओला रुमाल पुढे केला, त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

"कुठून आलीस, पोरी?"

"लेडव्हिल."

"हं. वरची मंडळी सगळी असंच करतात. वर हवा पातळ, खाली दाट. हवा दाट तर इंधन जास्त नको का? घरी लावलेला स्क्रू घेऊन उतरलीस, भाजलंस की बिचारं! प्लगपण गेला असेल."

म्हणजे बघा! जन्मात एकदा हात लावला नाही आणि तेव्हाच लावायचा होता!

ओडेलनी प्लग बदलला, स्क्रू सैल केला, कान देऊन ऐकलं, अजून एक केसभर. "धुराची रेघ दिसतेय? बास. आता हात लावू नकोस." तेही थेरनसारखेच!

शर्यत दहा मिनिटांची. मी रिमोट घेऊन वर मचाणावर आणखी सहाजणांच्या रांगेत, गाडी खाली मातीत, इंधन भरायला थेरन, त्याच्या छातीशी बांधलेली मेबल, कानांवर आवाज अडवायच्या गुलाबी वाट्या. आणि सात इंजिनं कोकलत असताना ती पोर ढाराढूर झोपलेली! घरात मी मोजा खाली टाकला तर उठते!

पाच मिनिटं झाली, इंधन भरायला गाडी आत घेतली, बाहेर सोडली. आणि एकदम... किंकाळी! गाडी सुसाट! शेवटून पहिली होते, एकाला मागे टाकलं! मी मचाणावर नाचतेय... आणि मग लक्षात आलं. धूर कुठाय? धुराची रेघ कुठाय?

नववं मिनिट. मी हळू घेतेय, मनात म्हणतेय, चल गं बाई, चल. शेवटची फेरी, शेवटचं वळण, आणि... ठप्प. मेली! पण वळणापुढे उतार हो! गाडी मुक्यानेच घरंगळली, घरंगळली, आणि रेषेपलीकडे जाऊन थांबली. फेऱ्या मोजणारं यंत्र इंजिन चालू आहे का विचारत नाही. पुरी झाली शर्यत! सहावी! सातांत!

मी धावत खाली आले. थेरन खाली मान घालून उभा आणि हातात काय? माझा स्क्रूड्रायव्हर!

"थेरन?"

"धूर फार वाटला गं. म्हटलं, एवढंस्सं फिरवलं तर तू त्या निळ्या गाडीच्या पुढे जाशील."

"तू? तू हात लावलास?"

"...गेलीस की पण पुढे."

तेवढ्यात बाकीची इंजिनंही बंद झाली, सगळीकडे शांतता पसरली, आणि त्या शांततेने मेबल उठली. पुढचे तीन तास, दहा हजार फुटांपर्यंत, न थांबता. ते इंजिन मात्र कधी बंद पडत नाही.

गाडी राहिली. चिठ्ठी लॉर्नाबाईंनी वाफल-तव्याला लावली. आणि हल्ली मेबल झोपली की आम्ही दोघं पाळण्याशी एकमेकांचे हात घट्ट धरून उभे असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय हे प्रेम!

प्रेम कसलं डोंबलाचं? एकाने सोडला की दुसरा लावणार.