ओल्या अंगावर बांधलेली पट्टी

पाथर्डीच्या दवाखान्यात स्वतःचे टाके दाखवायला आलेली अनुजा बाकावर सरकून बसली. शेजारी मायलेकी होत्या. लेकीचं सिझर होऊन पंधराच दिवस झालेले, मांडीवर बाळ.

"आये, सिस्टरनं इच्यारलं तर तू गप ऱ्हा."

"का म्हनून? मीच रोज ऊन पानी वतलं, मीच पोट बांधलं."

"हळू बोल."

"माजी पाच बाळंतपनं अशीच झाली. पोट सुटू न्हाई म्हनून वल्या अंगावरच लुगड्याची पट्टी आवळली. मला काय ठावं, आत पू व्हईल?"

"तुला टाके कुठं हुते, आये?"

"दुखतंय म्हनून सांगायचं तरी!"

"दिसभर माज्यापायी राबत हुतीस. कोन्या तोंडानं सांगू?"

मघाशी जखम बघून गेलेल्या सिस्टर बाहेर आल्या.

"जखम उघडून धुवावी लागेल. ॲडमिट व्हा. ओल्यावर पट्टी कुणी बांधली?"

"मीच," लेक म्हणाली.

"खरं सांग."

"मीच, बाई. आई गावाला गेल्ती."

म्हातारीनं तोंड उघडलं. लेकीनं पटकन बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"धर त्याला, आये. तुज्याबिगर कोनाकडं ऱ्हात न्हाई त्यो."