न चाखलेली ग्रेव्ही

लिहिताय न्हवं? मग लिहा, सर्जेराव, गाव तासगावच्या पुढं, द्राक्षाचा मुलूख, पण आमची द्राक्षं न्हवती, आमचा ढाबा हुता, म्हणजे माझ्या चुलत्याचा, आन् मी तिथं भट्टीवर. मटणाचा रस्सा असा करायचो की ट्रकवाले गाडी लांब लावून चालत यायचे. आन् काय सांगू तुम्हाला ताई, कांदा म्हणजे आमच्याकडं पाच मिनिटांचं काम, भट्टी फुल्ल, तेल धुरावलं की कांदा टाकायचा, दोनदा उलथनं मारायचं, झालं. हितल्या कांद्यानं माझा जीव खाल्लाय म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

ढाबा म्हणला की दारू आलीच. पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं एक घोट घे, थंडी हाय, आन् मी घेतला. एकच घोट म्हणून सुरवात झाली आन् मग सकाळी हात कापायला लागले, पोरगी जवळ यायची बंद झाली. मग एका जत्रेला बहिणीच्या सासरची माणसं पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला आलती, मी तारेत हुतो, रश्शात मीठ टाकलं, इसरलो, परत टाकलं, परत इसरलो, तिसऱ्यांदा टाकलं. पहिल्या घासाला पंगत थांबली. समदे नुसतं पाणी मागत राहिले, आन् बहीण आत चुलीपाशी रडत बसली. दुसऱ्या दिवशी सुमननं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला धरून गावच्या बुवांकडं नेलं आन् ही तुळशीची माळ गळ्यात घातली. माळ पडली की मास-मच्छी, दारू, समदं बंद. मला मटणाचं काय वाटलं न्हाई, मला दारूचं हुतं, पण ती गाठ एकच हाय ताई, एक सुटली की दुसरी सुटती, हे माझं मला ठाऊक. तवापास्नं न्हाई शिवलो. आन् मिठाला हात जरा आखडताच.

मग रस्ता रुंद झाला, ढाबा गेला, आन् एक एजंट म्हणला तिकडं कतारला, दोह्यात एका इंग्रज कुटुंबाला घरी स्वैपाकाला माणूस पाहिजे. सुमन म्हणली, करून घाला पण तोंडाला लावू नका. म्हणलं ठरलं. फोनवर मुलाखत झाली, मॅडमनी एकच गोष्ट दोनदा इचारली, तू केलेलं चाखून बघतोस ना, न चाखता वाढणारा कुक मला नको. मी म्हणलं यस मॅडम, एव्हरी टाइम. ह्या एका यस मॅडमचं ओझं मी सहा वर्षं वाहिलंय बगा.

हे दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातलं घर, ही मागची खोली माझी, बसा नीट, ती खुर्ची हलती. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला सॉसेज शिकवलं. दर शनिवारी दुपारी तेच. सॉसेज, कुस्करलेला बटाटा आन् वर कांद्याची ग्रेव्ही. त्यांच्या वडलांची रीत, आई लवकर गेली, वडील शनिवारी सुट्टीला हे करून घालायचे, म्हणून ते असंच पाहिजे. बरं, सॉसेज म्हणजे आतड्यात भरलेला खिमा, तो मंद आचेवर सारखा फिरवत बसायचा, टोचायचा न्हाई, टोचला तर मॅडमच्या कपाळाला आठी. कशाचं हाय ते मी वाचत न्हाई, पाकिटावर हलाल लिवलंय का तेवढं बघतो, ते का बघतो ते सांगतो पुढं. बटाट्याचं तर बोलूच नका. उकडायचा, पाणी काढून परत आचेवर कोरडा करायचा, मग गरम दूध आन् लोणी घालून घोटायचा, घोटायचा, घोटायचा. ना मोहरी, ना हळद, ना मिरची. आपल्यात एवढा बटाटा घोटला तर त्याचा वडा तरी होईल, हितं त्याचा लगदा करून ताटाच्या मधी ढीग लावायचा आन् म्हणायचं मॅश.

आन् कांदा! चार मोठे कांदे उभे पातळ चिरायचे, लोण्यात टाकायचे, आन् गॅस एवढा बारीक की चालू हाय का वाकून बघायला लागतंय. पाऊण तास! ढाब्यावर पाऊण तासात मी चाळीस माणसं जेवू घातली असती. पहिल्या महिन्यात मी चोरून गॅस मोठा करायचो, तर मॅडम आतल्या खोलीतनं ओरडायच्या, राव, स्लोली! त्यास्नी सर्जेराव म्हणता येत न्हाई. तिथनं वास कसा कळतो देव जाणे. मग कांदा गुळाच्या रंगावर आला की चमचाभर मैदा, मग हाडं उकळून काढलेलं पाणी, आन् झाकण तिरकं ठेवून आटवायचं. हात बसला माझा. रंग बघून, चमच्यावरनं कशी वघळती ते बघून कळतं. पण मीठ काय बघून कळत न्हाई, ताई. मीठ जिभेलाच कळतं.

म्हणून हसनभाय. घरचा डायवर, दापोलीकडचा. पहिल्या शनिवारी मी वाटी घेऊन गाडीपाशी गेलो, म्हणलं भाऊ, माझी अशी अशी अडचण हाय, एवढं चाखून सांगाल का. त्यानं आधी हलाल हाय का इचारलं, मग चमचाभर घेतलं, डोळं मिटलं, म्हणला मस्त झालाय रे, मीठ बरोबर हाय. झालं, तवापास्नं दर शनिवारी तो मागच्या दाराशी उभा, मी चमचा पुढं करतो, तो म्हणतो बरोबर हाय, आन् ताटं आत जातात. सहा वर्षं. एकदाबी कमी म्हणला न्हाई, एकदाबी जास्त म्हणला न्हाई. मला वाटायचं काय हात बसलाय माझा!

आता यंदाचं ऐका. साहेबांचं हापिस लुसैलला, दोह्याबाहेरच्या नव्या शहरात गेलं, म्हणून तिथं टॉवरमधी फ्लॅट घ्यायचं ठरलं. फ्लॅट लहान. एकदा ताटं उचलताना साहेब मॅडमना म्हणताना ऐकलं, तिथं कुक कशाला लागंल. मॅडम म्हणल्या, लेट्स सी. त्या लेट्स सीनं माझी झोप उडवली. पोरगी बारावीला, नर्सिंग करायचं म्हणती, आन् व्हिसा ह्या घराचा, हे घर सुटलं की मी सरळ इमानात. तेवढ्यात मॅडमचे वडील महिनाभर राह्यला येतायत असं कळलं. मॅडम खुशीत येऊन म्हणल्या, राव, डॅडला तुझ्या हातची त्यांची डिश खाऊ घालायची, मी त्यास्नी सांगितलंय की एकदम त्यांच्यासारखी करतोस. म्हणलं चला, म्हातारा खूश तर मॅडम खूश, मॅडम खूश तर लुसैल.

आन् नेमका रमजान लागला! मी शनिवारी वाटी घेऊन बाहेर आलो तर हसनभाय दोन्ही हात वर करून उभा. रोजा हाय रे माझा. म्हणलं दर वरसाला असतो की. तर दर वरसाला साहेब-मॅडम त्या महिन्यात सुट्टीवर त्यांच्या देशात जायचे, शनिवारचा बेतच नसायचा, ते माझ्या ध्यानातच न्हवतं. म्हणलं अहो नुसतं जिभेला लावा आन् थुका, स्वैपाक्याला चालतं म्हणतात. तर म्हणतो, स्वैपाक्याला चालत आसंल, मी डायवर हाय, मना काय मजबुरी? डोकं फिरलं माझं. घरात दोन मराठी माणसं, एकाला माळ, एकाला रोजा, मधी पातेलं उकळतंय, आन् मीठ कुणाला ठाऊक न्हाई.

आत आलो तर म्हातारे साहेब किचनमधी खुर्ची टाकून बसलेले. उंच, वाकलेले, गुडघ्यावर हात. म्हणले मी बघत बसलो तर चालंल ना. न्हाई कसं म्हणणार. कांदा बघितला, मान हलवली, म्हणले गुड, यू आर नॉट इन अ हरी. मनात म्हणलं, तुम्हाला काय ठाऊक. मग ते उठले, चमचा घेतला, पातेल्यात बुडवला, फुंकर घातली, लहान पोराला भरवतात तसा खाली दुसरा हात धरून माझ्या तोंडाशी आणला. कुक फर्स्ट, म्हणले.

तुमास्नी खरं सांगतो, मी डळमळलो. हसनभाय मागच्या दारात उभा, डोळ्यानं खुणावतोय, घे, घे. सुमन समुद्रापलीकडं, तिला कोण सांगणार? समोर नोकरी. एक थेंब तर हाय. आन् ते एक थेंब असं मनात आलं, आन् हे शब्द माझ्या ओळखीचे हुते, असंच एक घोट म्हणून मी सुरू झालतो. मी मागं सरलो. गळ्यातली माळ शर्टाच्या बाहेर काढली. म्हणलं, सर, आय नो टेस्ट. सिक्स इयर, नो टेस्ट. आय टेल लाय टू मॅडम. बिफोर, आय ड्रिंक, टू मच. दिस स्टॉप. दिस ब्रेक, आय ब्रेक. एवढंच इंग्रजी आलं, आन् डोळ्यातनं पाणीबी आलं, लाज वाटली.

म्हाताऱ्यानं चमचा तसाच स्वतःच्या तोंडात घातला. मग हळूच म्हणला, नो सॉल्ट.

मॅडम दारात हुत्या. किती ऐकलं देव जाणे, समदंच ऐकलं आसंल. वडलांनी इचारलं, हे नेहमी असंच असतं का. मॅडम म्हणल्या, हो डॅड, सहा वर्षं मी ताटात वरनं मीठ घालून खाते, साहेबबी घालतात, पोरंबी. मी कपाळावर हात मारला. अहो सहा वर्षं! बाईनं एकदा सांगायचं न्हाई? तर म्हणतात, तू एवढ्या मायेनं करतोस, तुला वाईट वाटलं असतं. आन् हे कमी म्हणून मी हसनभायकडं वळलो, म्हणलं बरोबर हाय, बरोबर हाय म्हणत हुता ते काय? तर हा माणूस मान खाली घालून म्हणतो, मना बीपी हाय रे, दहा वर्षं डाक्टरनं मीठ बंद केलाय, मना तेवढाच लय वाटतो! ऐकलंत? एक चाखत न्हाई, दुसऱ्याची जीभ अळणी, आन् तिसरी गप बसून मिठाची बाटली हलवतीय. म्हातारा हसायला लागला, खुर्चीत बसून खोकला लागेस्तोवर हसला.

मॅडम हसल्या न्हाईत. म्हणल्या, तू खात न्हाईस ह्याचं मला काय न्हाई राव, पण तू मला खोटं सांगितलंस. आन् निघून गेल्या. ते लागलं मला. खरं हुतं म्हणून लागलं. मी मीठ घातलं, म्हाताऱ्यानं चाखलं, अजून म्हणला, परत घातलं, ती जत्रेची पंगत डोळ्यापुढं. ताटं कशी आत नेली ठाऊक न्हाई. परत आली तवा पुसून काढल्यासारखी.

संध्याकाळी सुमनला फोन लावला, समदं सांगितलं. तोंडाला लावलं न्हाई ना, एवढंच तिनं तीनदा इचारलं. न्हाई म्हणलं. मग म्हणली, नोकरी गेली तर येऊ द्या, तुम्ही या.

पुढले दोन शनिवार मॅडम स्वतः चमचा घेऊन आल्या, चाखलं, मीठ घातलं, मला दाखवलं किती, आन् कामापुरतं बोलून गेल्या. लुसैलचं नाव न्हाई. मी बॅग काढून झटकून ठेवली हुती. मग परवा म्हणल्या, राव, गाडीत बस. हसनभायनं लुसैलला नेलं, एवढ्या वर लिफ्टनं गेलो की कान गच्च झाले. रिकामा फ्लॅट, किचन खरंच लहान. मॅडमच्या हातात पेन्सिल. म्हणल्या, मसाल्याची फळी लावायचीय, हात वर कर, सहज पोचंल तिथपर्यंत. मी हात वर केला. त्यांनी भिंतीवर खूण केली. मग म्हणल्या, आता खोटं बोलू नकोस, खरंच सहज पोचतो ना? म्हणलं, मॅडम, दोन बोटं खाली घ्या. त्यांनी पहिली खूण पुसली आन् दोन बोटं खाली केली.

तर आता लुसैलला जाऊनबी हेच, शनिवार आला की चार कांदे, बारीक गॅस, पाऊण तास. करीन. म्हाताऱ्याला देवानं शंभरी द्यावी, हसनभायचं बीपी उतरावं, सुमनचं कुंकू असंच शुद्धीवर राहावं, आन् त्या मॅडमचं समदं चांगलं व्हावं, फक्त ताटात मिठाची बाटली हलवायच्या आधी समोरच्या माणसाला तोंडानं सांगायचं असतं, एवढं त्यास्नी कुणीतरी शिकवावं. मी सांगणार न्हाई. त्यास्नी वाईट वाटंल.