काठापासून पाण्यापर्यंत

रसिका : म्हणून सांगायला आले, इंदूमावशी. तुमची विहीर पाहणीच्या यादीतून काढा असं आमचे सर म्हणतात.

इंदुबाई : काढ की. त्यानं माजी बाव थोडीच बुजनार हाय?

रसिका : पण बाबांनी नव्वद सालापासून तीन वर्षं मोजलेली एवढी एकच विहीर आहे हो. मुर्ध्यापासून खारीपर्यंत चौदा विहिरी आणि दोन नाले वर्षभर तपासायचेत आम्हाला. खाडीचं पाणी आत सरकतंय का, नव्या इमारतींच्या बोअरिंगमुळे विहिरींचं पाणी खाली चाललंय का, ते बघायला. बाकी सगळीकडे शून्यापासून सुरुवात. जुने आकडे फक्त इथले.

इंदुबाई : मंग अडलं कुठं?

रसिका : ही बाबांची वही. दर अमावास्येला, काठापासून पाणी किती खाली ते लिहिलंय. गेल्या वर्षीच्या कार्तिकापर्यंत सगळं सुरळीत. मार्गशीर्षात पाणी एकदम खाली, आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा आधीच्या वर्षांपेक्षा तेवढाच जास्त. सर म्हणाले, आजारी माणूस, हात थरथरला असेल. तीनही वर्षांवर फुली मारायला निघालेत. सोमवारी आराखडा द्यायचाय.

इंदुबाई : मास्तर चुकेल? एका हातच्यासाठी माज्या बाळाचा कान लाल केलान त्यानं!

रसिका : मलाही पटत नाही. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना जिनासुद्धा उतरवत नव्हता. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कहून इथवर कसे येत होते कोण जाणे. मी पुण्याहून फोनवर भांडले, विहिरीच्या नादात कुठे पडाल म्हणून. तर नुसते हसले.

इंदुबाई : हसनारच. तो येतच न्हवता.

रसिका : मग हे आकडे?

इंदुबाई : मी मोजायची. सुतळीला दगड बांधून सोडायची, पान्याला टेकला का काठापाशी गाठ मारायची. लिवता कुठं येतंय मला? मीरा रोडला भाजी घेऊन आले का तुज्या आयशीकडं सुतळी द्यायची. मास्तर पट्टी लावून लिवायचा.

रसिका : आई म्हणायची, इंदुबाई भाजीबरोबर सुतळी देतात. मला वाटलं, भाजीच्या जुडीची असेल.

इंदुबाई : जुडी बांधायला केळीच्या सालीचा सोप असतो, पोरी. सुतळी कोन वाया घालवतंय!

रसिका : मावशी, जरा आठवा. गेल्या मार्गशीर्षात काही वेगळं झालं होतं?

इंदुबाई : वेगळं काय? हां, चंपा पडली ना बावीत.

रसिका : अगं बाई! कोण चंपा?

इंदुबाई : शेळी. वाचली. पन बाळा घाबरला, काठावर चिऱ्याचे दोन थर चढवलेन.

रसिका : आणि तुम्ही सुतळी कुठून सोडलीत?

इंदुबाई : मास्तर बोलला व्हता, काठावरनं. काठ वर गेला, मी पन वर गेले.

रसिका : थांबा, टेप लावते. दोन थर... पंधरा इंच. सव्वा फूट, मावशी! बरोब्बर तेवढाच फरक आहे वहीत.

इंदुबाई : म्हंजे माजंच चुकलं. माज्यापायी मास्तराचं नाव खराब झालं.

रसिका : खराब? सव्वा फूट वजा केला की सगळे आकडे जागेवर येतात. तुमची एक अमावास्या चुकलेली नाही. तुम्ही नसता तर बाबांची वही दिवाळीलाच संपली असती. कसे फेडू तुमचे उपकार?

इंदुबाई : उपकार कसले? बाळाला तीन वर्सं ओसरीवर बसवून शिकवलान त्यानं, तवा मी इचारलं का, कसं फेडू?

रसिका : आता ज्येष्ठात संपते वही. आषाढात बाबा गेले.

इंदुबाई : ती खुंटी बघ. दाराच्या मागं.

रसिका : या सुतळ्या... सहा? आषाढापासून पाचच अमावास्या होतात ना?

इंदुबाई : यंदा अधिक महिना व्हता, पोरी.

रसिका : पण बाबा गेल्याचं तुम्हाला कळलं होतं. मग कुणासाठी मोजत होतात?

इंदुबाई : मास्तर मला थांब कुठं बोलला?

(रसिका सुतळ्या खुंटीवरून उतरवते.)

रसिका : आराखड्यात एक रकाना आहे. कुठली विहीर कोण मोजणार, त्याचा. या विहिरीपुढे तुमचं नाव घालू?

इंदुबाई : घाल. इंदुबाई पंढरीनाथ पाटील. आनि परत येशील तवा सुतळीचा गुंडा आन. मास्तरानं दिलेला संपत आला.